आनंदीताईंचा कात्रजचा भाऊ

आनंदीताईंनी शिवलेला ब्लाऊज अंगात घातला की बाई आपोआप ताठ चालते, असं आमच्या शनिवार पेठेत म्हणत. त्या पहिल्या मजल्यावर राहायच्या, मी समोरच्या दाराला. जिन्यात भेटल्या की आधी बाह्यांकडे बघायच्या आणि मग चेहऱ्याकडे. "बाई, परीक्षेचे पेपर संपले वाटतं. दंडात भरलात जरा," असं म्हणून पुढे जायच्या. मी शाळेत मराठी शिकवत असे. माझी तब्येत, माझी रजा, माझ्या वहिनीशी झालेली कुरबुर, सगळं त्यांना मापावरून कळायचं.

वर्षातून एकच दिवस त्यांची कात्री गप्प असे. नागपंचमीचा. त्या दिवशी काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. वरच्या मजल्यावरच्या मथुराबाई या नियमांच्या राखणदार. त्यांच्या कानाला एरवी दारावरची बेल ऐकू येत नसे, पण पंचमीला कुणी कोथिंबीर निवडता निवडता विळीकडे हात नेला तरी वरून आवाज यायचा, "आज काय आहे?" आनंदीताई आदल्या रात्रीच कात्र्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि पंचमीला पुरणाची दिंडं उकडायच्या.

आदल्या दिवशी, चतुर्थीला, त्यांचा भावाचा उपवास असे. भाऊ म्हणजे माधवराव. बहीणभाऊ दोघंच राहायचे. दोघांचीही लग्नं राहून गेली होती आणि त्याची खंत दोघांनाही असलेली दिसत नव्हती. माधवराव बँकेत होते, पण त्यांचं खरं पद म्हणजे प्राणिमित्र मंडळाचं अध्यक्षपद. मंडळाची बैठक दर रविवारी आनंदीताईंच्या शिवणाच्या खोलीत भरायची. मशीनवर कपबशा, कापडांच्या गठ्ठ्यांवर सभासद. मंडळात एकही बाई नव्हती. बायकांना बंदी नव्हती. फक्त कुणी विचारलं नव्हतं.

माधवरावांचं प्राणिप्रेम अफाट होतं, पण ते हातभर अंतरावरून. घरात पाल निघाली की अध्यक्ष पलंगावर चढत आणि तिथून सूचना देत. पालीला केरसुणी आणि सुपलीने उचलून, खिडकीतून हळूच बाहेर सोडायचं काम आनंदीताईंचं. मांजरीची पिल्लं, पंख मोडलेलं कबूतर, गणपतीतल्या फटाक्यांना भिऊन जिन्याखाली दडलेली कुत्री, ही सगळी त्यांच्याकडेच असायची. पण त्याला कुणी चळवळ म्हणत नसे. त्याला 'आनंदीची सवय' म्हणत.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशेवटाचं सांगते आहे. एका पंचमीला भैरू गारुडी नेहमीप्रमाणे टोपली घेऊन आला. खाली सायकली आणि लूना लावायची मोकळी जागा होती, तिथे बायका नागाची पूजा करायच्या. आनंदीताईंनी हळदकुंकू वाहिलं आणि फण्याकडे बघत राहिल्या. दर टाक्याचं अंतर पारखणारी नजर ती.

"भैरू, गेल्या वर्षीच्या नागाच्या फण्यावरचा दहाचा आकडा सरळ होता. याचा तिरका आहे."

"ह्यो दुसरा हाय, ताई."

"मग तो कुठे गेला?"

"गेला."

"अरे, पण कुठे?"

"गेला म्हंजे मेला, ताई," भैरू अगदी साधेपणाने म्हणाला. "दिवाळीपतुर कुनीच टिकत न्हाई. दर साली नवा धरावा लागतो."

त्या दिवशी आनंदीताईंनी दिंडं कुणालाच वाढली नाहीत आणि स्वतःही खाल्ली नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी इतकी वर्षं ज्याला भाऊ म्हणून ओवाळलं, तो भाऊबीजेला कधी जिवंत नव्हताच."

पुढच्या आषाढात त्यांच्याकडे नीरजा नावाची मुलगी आली. जनावरांची डॉक्टर. कात्रजला सर्पोद्यान नुकतंच झालं होतं, तिथे जायची. तिला सलवार-कमीज हवा होता, पण खिसेवाला. "मोठे खिसे हवेत, काकू. सगळे शिंपी म्हणतात, बायकांच्या कपड्यांना खिसे चांगले दिसत नाहीत." आनंदीताईंनी तिला चार खिसे लावून दिले. खूश होऊन ती पुढच्या खेपेला पांढऱ्या मांजरपाटाच्या पिशव्या शिवायला घेऊन आली. दुहेरी शिवण, कोपरे गोल, दोरे आत लोंबता कामा नयेत.

"आत काय ठेवतेस?" आनंदीताईंनी विचारलं.

"साप."

त्यावर दुसरी बाई दचकली असती. आनंदीताई म्हणाल्या, "मग उलट्या बाजूने तिसरी शिवण मारते. बस."

त्या पिशव्यांच्या निमित्ताने त्यांना बाकीचं कळलं. नागाला आधी पाण्यावाचून ठेवतात, म्हणून तो दुधाला तोंड लावतो. दूध त्याला पचत नाही. दात काढतात. आनंदीताई ऐकत होत्या आणि पायाने मशीन चालवत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "नीरजा, पंचमीला साडेदहाला मोकळी आहेस का?"

इकडे मंडळालाही त्या वर्षी जोर चढला होता. चिटणीस गोपाळकृष्ण यांच्या पुतण्याने परदेशातून एक मासिक पाठवलं होतं. त्यात तोंडाला काळं फडकं बांधलेले तरुण पिंजरे तोडून सशांना पळवून नेत होते. गोपाळकृष्णांनी ते मासिक सर्वांना दाखवलं आणि म्हणाले, "निवेदनं पुष्कळ झाली. आता थेट कृती."

'थेट कृती' हा शब्द मंडळाला फार आवडला. ठरलं असं, की पंचमीला सकाळी नदीकाठच्या पुलाशी गारुडी बसतात, तिथे जायचं, तोंडं झाकायची, टोपल्या उचलायच्या आणि पळायचं.

"आणि मग?" आनंदीताईंनी चहाचा ट्रे ठेवत विचारलं.

"मग काय?"

"टोपली उघडणार कोण?"

माधवराव म्हणाले, "तो पुढचा टप्पा आहे, आनंदी."

"मी येऊ का तुमच्याबरोबर?"

"छे! अगं, हे बायकांचं काम नाही. धावपळ होईल. आदल्या दिवशी तुझा उपवास असतो, चक्कर येईल तुला." मग जरा थांबून म्हणाले, "तू फडकी शिव ना. नाकावरून खाली येतील अशी. काळी."

आनंदीताईंनी शिवली. मंडळाची मापं घेतली. गोपाळकृष्णांच्या नाकाला चुणी टाकावी लागली. पण सणाच्या तोंडावर काळं अस्तर संपलं होतं. उरलं होतं ते चिंतामणी, आंबा आणि डाळिंबी.

"हे कसले रंग?" माधवराव किंचाळले.

"दादा, पंचमीच्या गर्दीत काळा उठून दिसेल. यात मिसळून जाल तुम्ही."

आनंदीताईंची स्वतःची तयारी त्याच खोलीत, मंडळाच्या नाकाखाली चालली होती. त्यासाठी त्यांनी बैठक घेतली नाही. श्रावणातले ब्लाऊज शिवायला टाकायला जी बाई यायची, तिला त्या तोंडात टाचण्या धरून सांगायच्या, "पंचमीला दहाला खाली या. पूजा यंदा जरा लांबेल. बसायला पाट आणा. आणि मी उठेपर्यंत कुणी उठायचं नाही." अंगात अर्धा ब्लाऊज असताना बाई वाद घालत नाही. पेठेत सगळ्या जणी हो म्हणाल्या. मीही म्हणाले.

पंचमीला माधवराव, गोपाळकृष्ण आणि आणखी दोघं फडकी खिशात घालून निघाले. आनंदीताईंनी अध्यक्षांच्या हातावर दही-साखर घातली. त्यानंतर थोड्याच वेळात भैरू टोपली घेऊन आला.

खाली पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. भैरूने टोपली ठेवली, झाकण काढलं. नाग सावकाश वर आला. आम्ही पाट मांडून भोवती बसलो, आणि दरवर्षीपेक्षा जरा खेटून बसलो. मथुराबाईंनी दुधाची वाटी पुढे केली.

"मथुराकाकू, दूध नको," आनंदीताई म्हणाल्या. "त्याला बाधतं."

"मग नैवेद्य कशाचा दाखवायचा? हवेचा?"

"लाह्या आणायच्या राहिल्या माझ्या," आनंदीताईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. सगळी योजना त्यांनी नीट बेतली होती, एवढीच गोष्ट चुकली होती.

पूजा झाली. भैरू म्हणाला, "ताई, निघतो. लई घरं हायती."

"तू जा. भाऊ राहील."

"आँ?"

"पंचमीचा भाऊ घरी आलाय, भैरू. न जेवता पाठवतात का कुणी?"

भैरू हसला. मग आमच्याकडे बघितलं आणि त्याचं हसू आटलं. तो डावीकडून आला, तिकडे मथुराबाईंची नऊवारी पसरलेली. उजवीकडून आला, तिकडे मी. बायकांच्या खांद्यावरून हात घालून टोपली उचलायची, हे त्याच्याने होईना. सगळ्यांचे हात हळदकुंकवाचे, सगळ्या जणी बसलेल्या, कुणी ओरडत नाही, कुणी काही हिसकावत नाही. तो बिचारा एका स्कूटरला टेकून म्हणाला, "ताई, ह्ये बरं न्हाई. प्वाट हाय माजं."

"माहीत आहे," आनंदीताई म्हणाल्या. "म्हणूनच पोलिसांना बोलावलं नाही. तू आत जाशील, आणि हा चौकीत याच टोपलीत कुजेल."

एवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला. आधी चिंतामणी फडकं धावत आत आलं, मग आंबा, मग आणखी एक आंबा. सर्वांत शेवटी डाळिंबी फडक्यातले अध्यक्ष, छातीशी झाकलेली टोपली घट्ट धरून. आणि त्यांच्या शर्टाला मागून धरून एक धिप्पाड बाई.

"ह्यो डाळिंबी चोर कुटं ऱ्हातो?" ती बाई गरजली. "तोंड झाकून बाईमानसाची टोपली पळीवतो व्हय रं?"

"बाई, आपला गैरसमज होतोय," माधवराव धापा टाकत म्हणाले. "ही थेट कृती आहे."

"थेट तर हायच की! थेट माज्या म्होरनं उचललीस!"

आनंदीताईंनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि टोपलीचं झाकण उचललं. आत ज्वारीच्या शुभ्र लाह्या होत्या.

आम्ही कुणी हसलो नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. मथुराबाईसुद्धा पदराआड हलत होत्या. तिच्याच तोंडून कळलं ते असं: पुलाशी गारुडी बसले होते, त्यांच्याच ओळीत ही सरुबाई वाघोलीहून लाह्या आणि मातीचे नागोबा विकायला बसली होती. वाऱ्याने लाह्या उडू नयेत म्हणून तिने टोपली झाकून ठेवली होती. मंडळाने टोपल्यांतली सर्वांत मोठी टोपली उचलली होती.

"दादा," आनंदीताई शांतपणे म्हणाल्या, "नैवेद्याची सोय झाली. दे इकडे. सरुबाई, तुम्ही बसा. पाणी घ्या."

सरुबाईने पाणी घेतलं आणि स्कूटरजवळच्या माणसाला बघून तिच्या भुवया वर गेल्या. "आगं बया, भैरू! तू हितं रं कसा?"

"आडकलोय, सरुआक्का. ह्या बायका नाग सोडंनात."

सरुबाईने रिंगणाकडे बघितलं, नागाकडे बघितलं. आणि काही न विचारता, मथुराबाई आणि माझ्यामध्ये जी थोडी फट होती तिथे मांडी घालून बसली. ती फट बुजली.

"आक्का, तू बी?"

"मंग? चार सालं बगतेय तुला. नाग मरतो, तू रडतोस, फिरून रानात जातोस. गेल्या साली नाग चावता चावता वाचलास, बायकू माज्याकडं यिऊन गळा काढत हुती. माजे मातीचं नागोबा घिऊन फीर की पेठंत. ते दूध मागत न्हाईत का मरत न्हाईत."

"मातीचा नाग डोलतो का, आक्का?"

"तुजा तरी कुटं डोलत हुता? भुकंनं लवत हुता त्यो."

भैरू नागाकडे बघत राहिला.

साडेदहाला लूनाचा आवाज आला. नीरजा उतरली, चारही खिसे भरलेले. माधवरावांनी फडकं गळ्यात ओढलं आणि अध्यक्षांना शोभेल अशा आवाजात विचारलं, "डॉक्टरसाहेब कुठे आहेत?"

"मीच डॉक्टर."

"नाही, म्हणजे नाग धरायला कोण येणार आहे?"

"तो पण मीच धरणार," नीरजा म्हणाली. "काका, तुम्ही प्लीज जरा मागे व्हाल का?"

माधवराव आनंदाने मागे झाले. नीरजाने भैरूकडे बघितलं. "काका, तुमची परवानगी आहे ना?" भैरूने मान हलवली. आम्ही रिंगण थोडं मोठं केलं. तिने साप धरायच्या काठीने नागाला हलकेच उचललं, डोक्यामागे धरलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"तोंड शिवलंय याचं."

आनंदीताई उठल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच. वाकून त्यांनी जवळून बघितलं. ओठाच्या कडेने दोरा गेला होता.

"कुणी घातला हा टाका?"

"म्या," भैरू पुटपुटला. "चावू नये म्हनून घालत्यात."

"याला टाका म्हणतात?" आनंदीताईंचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "आवळून गाठ मारलीयस. कापडालाही कुणी असं करत नाही."

नीरजाने एका हाताने खिसे चाचपले. तिच्याकडची कात्री पट्ट्या कापायची, जाड पात्याची. "हिने ओठ फाटेल. बारीक कात्री हवी. आणि माझे दोन्ही हात गुंतलेत, दोरा दुसऱ्या कुणीतरी काढायला हवा. फार वेळ धरूनही चालणार नाही."

बारीक कात्री वर होती, फडक्यात गुंडाळलेली. काजं करायची, बोटाएवढी. सगळ्या जणी आधी आनंदीताईंकडे बघायला लागल्या, आणि मग मथुराबाईंकडे. आज पंचमी. नागाच्याच दिवशी, नागाच्याच तोंडाशी कात्री.

मथुराबाईंनी चष्मा सारखा केला. नागाकडे बघितलं.

"कापायचं नाही, हे शास्त्र आहे," त्या म्हणाल्या. "उसवायचं नाही, असं मी तरी कुठे ऐकलेलं नाही. आणि माझ्याकडे काय बघत बसलात? आणा कात्री!"

मी धावत वर गेले आणि कात्री आणली. आनंदीताईंनी हात पुसले.

"आनंदी! अगं चावेल तो!" माधवराव ओरडले. आवाजात खरी भीती होती. ते दोन पावलं पुढेसुद्धा आले, हे मी मुद्दाम नोंदवते.

"दादा," मान वर न करता आनंदीताई म्हणाल्या, "तू लाह्या धर."

नीरजाने डोकं स्थिर धरलं. आनंदीताईंनी पातं दोऱ्याखाली सरकवलं, जसं बारशाच्या झबल्याचं उसवतात तसं, कापडाला कळू नये असं. एक टाका सुटला. दुसरा. तिसऱ्याला नाग वळवळला, आणि त्या पुटपुटल्या, "झालं हं, झालं." मग दोरा एका लांब ओढीत मोकळा झाला. नागाने तोंड उघडलं, अगदी थोडं. नीरजाने कापसाने पाणी थेंबथेंब सोडलं. ते त्याने घेतलं.

त्याला पांढऱ्या पिशवीत ठेवलं. भैरू जवळ आला, पिशवीला वरून हात लावला आणि नीरजाला म्हणाला, "ह्याला सकाळचं ऊन आवडतं." मग रिकामी टोपली उचलून सरुबाईबरोबर गेला. लाह्यांची टोपली माधवरावांनी स्वतः डोक्यावर घेऊन पुलापर्यंत पोचवली. सरुबाईने दुसरी शिक्षाच मान्य केली नाही.

मंडळाच्या वार्षिक अहवालात या प्रसंगाचा उल्लेख असा झाला: 'मंडळाने थेट कृती करून एका नागास बंधमुक्त केले. पूजा व लाह्यांची व्यवस्था कु. आनंदी यांनी पाहिली.' मी तो अहवाल वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

पंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बैठक भरली, तेव्हा चहा आला नाही. गोपाळकृष्णांनी दोनदा खाकरून पाहिलं. आनंदीताई मशीनवर बसल्या होत्या, त्यांनी पाय थांबवला नाही. "दादा, स्टोव्ह तिकडे आहे. थेट कृती करा." त्या दिवशी मंडळाला कळलं की अध्यक्षांना साखर कुठे ठेवलेली असते ते माहीत नाही.

पण आनंदीताईंचं चित्त तिथे नव्हतं. त्यांना एकच हिशेब लागला होता: दिवाळी. नीरजा आली की त्या विचारायच्या, "खाल्लं का?" श्रावण गेला, गणपती गेले, तो खाईना. ओठाची जखम चिघळली होती. घटस्थापनेच्या आसपास नीरजा आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. आनंदीताईंनी विचारलंही नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्या ब्लाऊजची डावी बाही उजवीकडे लावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दसऱ्यानंतर एकदा लूना इतक्या जोरात आली की मथुराबाईंनाही ऐकू आली. "काकू, खाल्लं! उंदीर खाल्ला! स्वतःहून!" आनंदीताईंनी ती बाही उसवली आणि नीट लावून दिली.

भाऊबीजेला आम्ही तिघं कात्रजच्या बसने गेलो. आनंदीताईंच्या हातात तबक, फडक्याने झाकलेलं. माधवराव खिडकीशी, नवा सदरा घालून. सर्पोद्यानात काचेपलीकडे तो होता. सकाळच्या उन्हात वेटोळं घालून. आम्हाला बघून, किंवा बघून नव्हे, पण वर आला. फणा काढला. आकडा होता, ओठाच्या कडेला बारीक व्रण होता, आणि तोंड त्याच्या स्वतःच्या ताब्यात होतं.

आनंदीताईंनी निरांजन काढलं.

"काकू, इथे वात नाही लावायची," नीरजा कानाशी म्हणाली.

"बरं," म्हणून त्यांनी सुपारी आणि अंगठी घेतली, आणि काचेवरून तीनदा ओवाळलं. माधवराव शेजारी उभे होते. त्यांनी मान जरा पुढे केली, टोपी सारखी केली आणि वाट बघितली.

"दादा, तुला घरी," आनंदीताई म्हणाल्या. "तू दर दिवाळीला असतोस. हे तबक धर जरा, दोन्ही हातांनी."

अध्यक्षांनी तबक दोन्ही हातांनी धरलं. काचेपासून हातभर अंतर राखून.